दादासाठी चाखलेली वाइन

माझ्या भावाला वास येत नाही, हे मला निफाडजवळच्या एका वायनरीत, मुंबईच्या पाहुण्यांच्या मागे उभी असताना कळलं. तोपर्यंत आमच्या घरात नाक म्हणजे दादाचंच. लहानपणी नाशकात आम्ही ज्या कॉलनीत राहायचो तिथं घराला घर लागून होतं. शाळेतून परत येताना दादा गल्लीच्या तोंडाशीच सांगायचा, कुणाकडे सुकट भाजलीय, कुणाचं वरण लागलंय आणि आपल्याकडे आज नुसती भाकरी-चटणी आहे. ते कधी चुकायचं नाही. आई दळण घेऊन आली की पिठात नाक घालून तो म्हणायचा, आपल्या आधी गिरणीत कुणीतरी हरभरा दळलाय.

रसायनशास्त्र घेऊन तो बी.एस्सी. झाला आणि काही वर्षं एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत राहिला. ऐंशी साल उलटून गेल्यावर निफाडकडच्या एका बागायतदारानं वाइन करायचं काढलं, तेव्हा त्यानं दादाला बोलावून घेतलं. त्या माणसाला सगळे मालक म्हणायचे. पन्नाशीचा, धोतर-सदऱ्यातला, कमी बोलणारा. परदेशात जाऊन आलेला एक नातेवाईक त्याला सल्ला द्यायचा. आमच्या भागात तेव्हा वाइन म्हणजे काय हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. लोक 'द्राक्षाची दारू' म्हणायचे आणि आवाज खाली आणायचे.

आमच्या घरात तर दारूचा शब्दच निषिद्ध. वडिलांनी दीक्षा घेतलेली. रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शिलाला, मद्यापासून दूर राहण्याच्या, त्यांचा आवाज हमखास चढायचा. दादाच्या नोकरीची बातमी ऐकून ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "विष करणाऱ्या कंपनीतही केमिस्ट लागतो. तू पिऊ नको म्हणजे झालं." दादा पीत नव्हताच. तो चाखायचा आणि थुंकायचा.

मी पहिल्यांदा तिथं गेले ती माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. आम्ही सातपूरला राहायचो, माझे यजमान तिथल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात पाळीवर होते आणि मी शाळेत शिकवत होते. सुट्टीच्या दिवशी फटफटीवरून आम्ही दोघं निघालो. माघातली थंडी होती. निफाडच्या बाजूला थंडी जास्तच पडते, द्राक्षं तडकू नयेत म्हणून पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा धूर अजून वेलींच्या मांडवाखाली अडकून राहिला होता आणि त्यातून माणसं कमरेपर्यंतच दिसत होती.

दादानं सगळं हौसेनं दाखवलं. ट्रॅक्टरमधून उतरणारी काळी द्राक्षं, ती चिरडणारं यंत्र, सिमेंटच्या उंच टाक्या. टाकीच्या वर चढून बघितलं तर आत जांभळा रस खदखदत होता. खाली जाळ नाही, काही नाही, आणि तरी उकळल्यासारखा. मला ते बघवेना. दादा म्हणाला, "आंबतंय. जिवंत आहे ते." मग त्यानं एका काठीला मेणबत्ती बांधली, पेटवली आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या शेजारच्या टाकीत सोडली. ज्योत कडेच्या खाली गेली आणि विझली. फडफडली नाही, वारा नव्हता. कुणीतरी बोटांनी चिमटल्यासारखी गेली.

"याच्यात माणूस उतरला तर?" यजमानांनी विचारलं.

"तोही असाच," दादा म्हणाला. "आंबताना निघणाऱ्या या हवेला वास नसतो. म्हणून इथला नियम, मेणबत्ती पुढे, माणूस मागे."

तळघरात आम्ही त्याच्या मागोमाग उतरलो. जमिनीखाली दगडी पायऱ्या उतरून गेलं की लांबच लांब अंधारी खोली, दोन्ही बाजूंना लाकडी पिंपं, खाली सतत धुतल्यामुळे ओली फरशी. मालकांचं कुत्रं आमच्याबरोबर पायऱ्यांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं. दादा म्हणाला, ते कधीच खाली येत नाही. एकदा तळघरामागच्या, द्राक्षांचा चोथा टाकायच्या खड्ड्यात मेलेली कबुतरं सापडली होती, तेव्हापासून त्यानं ती बाजूच सोडलीय.

वर आल्यावर त्यानं आम्हाला चाखायला शिकवलं. पांढऱ्या कापडाचं टेबल, पातळ ग्लास आणि शेजारी मालकांच्या घरातली जुनी पितळी पिकदाणी. यजमानांनी घोट गिळून टाकला आणि तोंड वाकडं केलं. मी नुसता वास घेतला. दादा म्हणाला, "बस, तेच खरं काम आहे. सांग काय आलं?" मी म्हणाले, भिजलेल्या मातीचा आणि जांभळाचा. तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतः ग्लास फिरवून, डोळे मिटून त्यानं सांगितलं, "आधी जांभूळ. मागून थोडी मिरी. आणि अगदी शेवटी, नवीन पुस्तक उघडल्यावर येतो ना, तो." मी पुन्हा वास घेतला आणि खरंच, शेवटी नवीन पुस्तक होतं. त्या दिवशी परत येताना मी फार खूश होते.

पावसाळ्यात दादा तळघराच्या पायऱ्यांवरून घसरला. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. नाशकात दवाखान्यात ठेवलं, डॉक्टर म्हणाले, कवटीला काही नाही, नशीब. आठवडाभर त्याला गरगरायचं, मग तेही थांबलं आणि तो कामावर गेला. आम्हाला वाटलं, सुटलो.

दिवाळीत वहिनी दोन दिवस माझ्याकडे राहायला आल्या. त्या निफाडजवळच्याच खेड्यातल्या, मोकळ्या स्वभावाच्या. या खेपेला मात्र गप्प होत्या. भाजी निवडताना त्यांनी सहज बोलावं तसं सांगितलं, "परवा भात करपला. पार कोळसा. मी पाण्याला गेल्ते. हे चुलीपाशीच बसून पेपर वाचत होते."

"लक्ष नसेल त्याचं."

"धुरानं घर भरलं तेव्हा उठले," वहिनी म्हणाल्या. "आन् दूध नासलं का ते मला इचारत्यात आता. ताई, ह्यांनी कधी मला इचारलंय का असं?"

मी त्यांना काहीतरी समजावलं. काय, ते आठवत नाही. पण त्या गेल्यावर ते वाक्य घरात राहिलं.

त्या हंगामात मुंबईच्या एका हॉटेलातली माणसं वाइन चाखायला येणार होती. मालकांनी दादाला सांगितलं होतं की घरचं बाईमाणूस असलं तर बरं, पाहुण्यांत एक बाई आहे. म्हणून मी गेले. पाहुणे सूटबुटातले, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारे. मी मागे उभी होते. दादानं बाटली उघडली, सगळ्यांना थोडी थोडी ओतली, एक ग्लास मलाही दिला.

मी ग्लास नाकाशी नेला आणि मागे घेतला. सिरक्याचा वास होता. वर आणखी एक झोंबरा वास, नखांना लावतात त्या रंगासारखा. मला वाटलं, आता दादा माफी मागेल आणि दुसरी बाटली काढेल.

दादानं ग्लास फिरवला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. आणि म्हणाला, "आधी जांभूळ. मागून थोडी मिरी. आणि शेवटी, नवीन पुस्तक उघडल्यावर येतो तो."

शब्दाला शब्द तोच. आवाजही तोच. पाहुण्यांतल्या बाईनं एकदा ग्लासाकडे आणि एकदा दादाकडे पाहिलं, पण एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसासमोर आपलंच नाक चुकतंय असं तिला वाटलं असावं. तिनं मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली. मालक कौतुकानं बघत होते. मी पुढे झाले आणि टेबलावरची बाटली कोपरानं पाडली. पांढऱ्या कापडावर ती लालभडक पसरली. सगळे उठले, मी "चुकून, चुकून" म्हणत राहिले, आणि दादानं दुसरी बाटली उघडली. ती चांगली होती.

पाहुणे गेल्यावर मी त्याला बागेत गाठलं. छाटलेल्या फांद्यांचे भारे पडले होते, त्यातल्या एकावर तो बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यानं आधी कळलं नाही असं दाखवलं. मग तळहात चेहऱ्यावरून फिरवला. "पडलो तेव्हापासून. दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा मला वाटलं, दवाखान्याला वास कसा नाही. मग नर्सनं जेवण आणलं, त्यालाही नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"नाकाची नस तुटलीय. येईल तर येईल. नाही तर नाही."

"मालकांना सांग."

"सांगतो. एवढा हंगाम होऊ दे." तो हळू बोलत होता. "अगं, आंधळा झालो असतो तर लोकांनी हात धरला असता. हे काय सांगायचं? हसतील." थोड्या वेळानं म्हणाला, "गोड-आंबट जिभेला कळतं. बाकी सगळं पाणी आहे. तुझी वहिनी जवळ येऊन बसते तेव्हा पण…"

मग त्यानंच विचारलं. रविवारी येशील का. नुसता वास घ्यायचा आणि मला सांगायचं. तुझं नाक माझ्यासारखंच आहे, मागेच बघितलंय मी.

मी हो म्हणाले. हंगाम संपेपर्यंत, आणि मग त्यानं स्वतः मालकांना सांगायचं, या अटीवर.

असा तो हिवाळा गेला. रविवारी सकाळी मी वडिलांबरोबर विहारात जायची, पंचशील म्हणायची, आणि तिथूनच स्टँडवर जाऊन निफाडची एस.टी. धरायची. यजमानांना ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "वास घेण्यानं शील मोडत नसेल." पण नुसत्या वासानं भागेना. चव घेतल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. मग मी घोट घेऊन तोंडात खेळवून पिकदाणीत थुंकू लागले. परत येताना पदरानं पुन्हा पुन्हा तोंड पुसायची. एस.टी.त शेजारी कुणी बसलं की श्वास रोखून धरायची.

काम असं चालायचं. दादा पिंपातून काचेच्या नळीनं वाइन काढायचा, मी नाक घालायची आणि मनात येईल ते बोलायची. ओल्या गोणपाटाचा वास. काडी ओढल्याचा. शिळ्या ताकाचा. तो त्यावरून ठरवायचा, यात टिकण्यासाठी घालायचं गंधक कमी पडलं, हे दुसऱ्या पिंपात घ्यायला हवं, याला अजून वेळ आहे. माझ्या तोंडून निघालेला शब्द तो असा झेलायचा की मला दडपण यायचं. मी चुकले तर पिंपच्या पिंप जाईल. आणि एक विचित्र गोष्ट होऊ लागली. मला सगळीकडे वास येऊ लागले. वर्गात मुलांच्या दप्तरांचे, पाळी संपवून आलेल्या यजमानांच्या अंगाचा तेल-लोखंडाचा, वडिलांच्या श्वासाचा. जणू दादाचं जे गेलं ते माझ्यात येऊन बसलं होतं, आणि मला ते नको होतं.

दादा या सगळ्यात बदलत चालला होता. मोठ्यानं बोलायचा. कामगारांवर ओरडायचा. माझ्यासमोर ग्लास धरून मी बोलायच्या आतच विचारायचा, "काय, काय आलं?" तळघरात एकटा उतरायला लागला होता, मदतीला कुणाला घ्यायचा नाही. आपलं गुपित कुणी बघेल ही भीती. मी म्हणायची, कुणीतरी सोबत असावं. तो म्हणायचा, मेणबत्ती आहे ना.

वहिनींनी घरात स्टोव्ह पेटवायची त्याला बंदी केली होती. तो ऐकायचा, पण त्याचा त्याला राग यायचा. एकदा माझ्यादेखत म्हणाला, "मला लहान मूल केलंय." वहिनी म्हणाल्या, "लहान मुलाला निदान करपलेलं कळतं." नंतर त्याच रडल्या.

होळी जवळ आली, ऊन तापायला लागलं. द्राक्षाचा हंगाम संपत आला होता. वायनरीत गोड वाइनही करायचे, पोर्ट म्हणून विकायचे, आणि ती टिकावी, चढावी म्हणून तीत वरून स्पिरिट घालावं लागायचं. त्या स्पिरिटची लोखंडी पिंपं तळघराच्या कोपऱ्यात ठेवलेली असत. थंड जागा म्हणून.

त्या रविवारी मी दुपारी पोचले. वीज गेलेली होती, ती तर तेव्हा रोजचीच. कामगार जेवून बागेत झोपलेले, मालक वरच्या खोलीत. कुत्रं मात्र अंगणात येरझाऱ्या घालत होतं. तळघराच्या तोंडापर्यंत जायचं, कण्हायचं आणि परत फिरायचं. दादा म्हणाला, "सकाळपासून असंच करतंय. उन्हानं." पण सावली तर तिकडेच होती.

"तू थांब, मी दिवा लावतो," म्हणत तो पुढे उतरला. एका हातात काठीची मेणबत्ती, दुसऱ्यात काडेपेटी. मी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला पदर खोचत होते. खालून त्याचा आवाज आला, "आज फरशी फार गार लागतेय. पाय बधिर झाले बघ." मग थोड्यानं, "डोळे चुरचुरतायत. कुणी पिंपांत गंधक जास्त जाळलंय वाटतं."

मी उतरू लागले. चार-सहा पायऱ्या गेले आणि वास आला. तळघराला नेहमीच वाइनचा, बुरशीचा, ओल्या लाकडाचा वास असायचा, त्यात हा वेगळा काढायला मला क्षणभर लागलं. इंजेक्शन देण्याआधी दंडावर कापूस फिरवतात, तो वास. पण कापसाएवढा नाही. सगळी खोली भरून. नाकात शिरून डोक्यात जाणारा. एवढा, की मी भिंत धरली.

खाली खर्र झालं. तो काडी ओढत होता. पेटी सर्दावलेली होती, गूल नुसतं निघून पडलं.

"दादा, थांब."

"अंधारात कुठं येतेस, लावू दे आधी." दुसरी काडी काढल्याचा आवाज.

मी कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. माझा हात त्याच्या मनगटावर होता आणि मी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, एवढंच आठवतं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"स्पिरिट आहे."

"पिंपं बंद आहेत. कालच बघितलीत मी."

"दादा, स्पिरिट आहे. तू त्यात उभा आहेस."

तो हलला नाही. अंधारात त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता, आत ओढायचा, पुन्हा ओढायचा, आणखी जोरानं. तो वास घ्यायचा प्रयत्न करत होता. अजूनही. आगीच्या काठावर उभं राहून तो माझं खरं आहे का ते नाकानं बघत होता, आणि त्याला काही म्हणता काही येत नव्हतं. मी त्याच्या बोटांतून काडी काढून घेतली, मग पेटी. पेटी मी ब्लाउजमध्ये खोचली. त्याला हाताला धरून वर आणलं. पायऱ्यांवर त्याच्या चपला पचपच वाजत होत्या.

वर उन्हात आल्यावर तो खाली बसला आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. पँटचे पाय नडगीपर्यंत भिजलेले. कुत्रं जवळ आलं, चपलांपाशी नाक नेलं आणि लांब पळालं. दादा ते बघत होता.

"त्यालाही कळलं," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारीच मातीत बसले. बराच वेळ तसं बसल्यावर तो उठला, अनवाणीच, आणि वर मालकांकडे गेला. मी मागोमाग गेले पण दारातच थांबले.

त्यानं काही आडपडदा ठेवला नाही. आधी पिंप गळतंय हे सांगितलं. मालकांनी लगेच माणसं उठवली, तळघराकडे कुणी बिडी घेऊन जाऊ नये म्हणून दोघांना पहाऱ्याला बसवलं, वाळू आणायला ट्रॅक्टर पाठवला. मग परत येऊन खुर्चीत बसले. "तुमाला वास कसा नाय आला?" त्यांनी विचारलं. तेव्हा दादानं बाकीचं सांगितलं.

मालक ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मंग ह्या साली माल कोणी चाखला?"

"बहिणीनं."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "तुमी पिता?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग?"

"थुंकते."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी दादापुढे हात केला. "तळघराची चावी द्या." दादानं खिशातून काढून दिली. चावी मुठीत धरून मालक म्हणाले, "बागेत माझी धा माणसं जेवून झोपली व्हती. त्यातल्या दोघांना मी आत्ता हाक मारून तळघरात धाडणार व्हतो." एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

हंगाम संपेपर्यंत त्यांनी दादाला प्रयोगशाळेत ठेवलं, मोजमाप करायला. वास-चवीसाठी पुण्याहून एक तरुण केमिस्ट आणला. त्या दिवशी मी निघताना मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुमी येता का कामाला? पगार देतो. तुमचं नाक लय चांगलं हाय." दादा चार पावलांवर उभा होता. त्यानं ऐकलं. मी नाही म्हणाले, शाळा आहे म्हणाले. पण तो नंतर कितीतरी महिने माझ्याशी नीट बोलला नाही. मी त्याचा जीव वाचवला असं यजमान सगळ्यांना सांगायचे. ते ऐकून तो उठून जायचा. मला वाईट वाटायचं. तरी समजतही होतं.

ती वायनरी पुढे काही वर्षांत बंद पडली. दादानं त्याआधीच नोकरी सोडली होती. त्यानं आणि वहिनींनी सातपूरला आमच्या मागच्याच गल्लीत घर घेतलं आणि तो अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवू लागला. चांगला शिकवायचा. आमचं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं. वडील वारले त्या वर्षी तर तो रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचा.

आणि मग त्याला वास यायला लागला.

आम्हाला आधी आनंद झाला. पण जो आला तो एकच, जळण्याचा. काहीतरी रबरासारखं, केसांसारखं जळतंय असा. फूल नाकाशी धरलं तरी तोच, भात वाढला तरी तोच. डॉक्टर म्हणाले, नस जुळताना चुकीची जुळली, असं होतं. कधी तो वास नुसताच यायचा, समोर काही नसताना. मग दादा हातातलं टाकून घरभर फिरायचा, पलंगाखाली वाकून बघायचा, गॅसच्या शेगडीची नळी तपासायचा, बटणांना हात लावून बघायचा गरम आहेत का. खरं काय नि खोटं काय हे त्याला कळायला मार्गच नव्हता. वहिनी 'काही नाही' म्हणाल्या तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. मला बोलावणं यायचं. मी जाऊन एकेका खोलीत उभी राहून वास घ्यायची. "काही नाही, दादा," म्हटलं की त्याचे खांदे खाली यायचे.

एकदा दुपारी तो स्वतःच आमच्या दारात आला. वहिनी बाजारात गेल्या होत्या. "आज जास्त येतोय," तो म्हणाला. "चल जरा." मी गेले. स्वयंपाकघरात उभी राहिले, श्वास घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच येत नाहीये. मला दोन दिवस सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं. मी ओट्याजवळ गेले, कपाट उघडलं, मसाल्याचा डबा उघडून त्यात नाक घातलं. काही नाही.

दादा माझ्याकडे बघत होता.

"मला सर्दी आहे," मी म्हणाले. "मला कळत नाहीये."

मग त्यानं गॅसची टाकी बंद केली, मेन स्विच खाली ओढला, एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि पुढचं-मागचं दार सताड उघडं टाकलं. आम्ही दोघं बाहेर येऊन पायरीवर बसलो. समोर कारखान्याची पाळी सुटली होती, सायकलींची रांग चालली होती. कुणी हात केला की आम्हीही करत होतो. मागे घर उघडं होतं आणि आमच्यातला कुणीही वळून बघत नव्हता.

वहिनी पिशव्या घेऊन आल्या. त्यांनी आमच्याकडे आणि उघड्या दारांकडे पाहिलं. पिशव्या पायरीवर ठेवल्या, उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि लांब श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग म्हणाल्या, "या आत."